अर्थ नको, नुसता आवाज हवा

‘संगीताला भाषा नसते’ हे वाक्य आपल्याकडे इतक्या भक्तिभावानं उच्चारलं जातं, की त्याला हरकत घेणारा माणूस अरसिक ठरतो. मी हरकत घेते. सुराला भाषा लागत नसेल, लयीलाही लागत नसेल, गाण्याला लागते. गाण्यात शब्द असतात, आणि शब्द हे नेहमी कोणाच्या तरी घरातले असतात.

निमित्त आहे सिगुर रोस या आइसलँडच्या बँडच्या ‘आउह्ता’ या अल्बमचं. 16 जून 2023 रोजी तो आला. आधीचा ‘क्वेइकुर’ 2013चा, म्हणजे मधे दहा वर्षं गेली. कीबोर्ड आणि वाद्यवृंदाची बाजू सांभाळणारा कियार्तान स्वेइन्सन ‘क्वेइकुर’च्या आधीच बाहेर पडला होता, तो परत आला. ड्रम जवळजवळ नाहीत. त्यांच्या जागी लंडन कंटेम्पररी ऑर्केस्ट्राची तंतुवाद्यं आहेत, आणि त्यांच्यावर तरंगणारा योन्सीचा तो उंच, पातळ आवाज. मुखपृष्ठावर जळणारं इंद्रधनुष्य आहे. अल्बम संथ आहे, काही ठिकाणी मला तो फारच संथ वाटला. पण माझं भांडण अल्बमशी नाही. भांडण आहे त्याच्याविषयी जे लिहिलं-बोललं जातं त्याच्याशी.

गेली वीसेक वर्षं या बँडबद्दल मी जे वाचत आले, त्यात तीच तीच विशेषणं फिरत असतात: अपार्थिव, परग्रहावरचं, हिमनद्यांचं, पऱ्यांचं. भाषेचं नाव आलंच तर ते हिमनदीच्या जोडीनं, म्हणजे देखाव्याचा भाग म्हणून. वर अनेकांची खात्री असते की हे लोक सगळीच गाणी एका बनावट भाषेत गातात. तसं नाही. या बँडनं ‘वोनलेन्स्का’ नावाचा एक अर्थहीन अक्षरांचा प्रकार वापरला आहे हे खरं. ‘वोन’ म्हणजे आशा. 2002 सालचा, नावाच्या जागी नुसता कंस छापलेला त्यांचा अल्बम पूर्ण या अक्षरांत गायलेला आहे. त्यातल्या आठ गाण्यांना नावं नव्हती, आणि सोबतच्या पुस्तिकेची पानं कोरी होती, ऐकणाऱ्यानं आपला अर्थ लिहावा म्हणून. पण त्यांच्या गाण्यांपैकी बहुतेक साध्या, चालू आइसलँडिकमध्ये आहेत. ती भाषा बोलणारे लोक चार लाखांच्या आत, म्हणजे जळगाव शहराच्या लोकसंख्येहूनही कमी. एवढ्याशा समाजानं मध्ययुगात सागा लिहिल्या, 1955 साली हाल्डोर लाक्सनेसच्या रूपानं साहित्याचं नोबेल मिळवलं, आणि संगणकाला परका शब्द न घेता ‘आकडा’ आणि ‘भविष्य सांगणारी बाई’ या आपल्याच दोन जुन्या शब्दांची सांधेजोड करून ‘त्योल्वा’ हा शब्द घडवला. अशा भाषेला पऱ्यांची भाषा म्हणणं हे कौतुक नाही. तिच्या बोलणाऱ्यांना माणसांतून उठवणं आहे.

अल्बमचं नावच घ्या. ‘आउह्ता’ म्हणजे आठ. हा त्यांचा आठवा अल्बम. ‘आउह्ता’ आणि मराठीतला ‘आठ’ हे एकाच मुळाचे शब्द. तो तिकडे जर्मानिक वाटेनं गेला, इकडे ‘अष्ट’ होऊन आला. परग्रहावरची म्हणून जी मिरवली जाते, ती आपली दूरची चुलतबहीण निघते. हे कळायला भाषाशास्त्राची पदवी लागत नाही, ‘याचा अर्थ काय?’ एवढं विचारावं लागतं. तो प्रश्न विचारलाच जात नाही.

दुसरं उदाहरण ‘ब्लोदबेर्ग’ या गाण्याचं. शब्दाचे तुकडे केले तर रक्त आणि खडक. गूढतेच्या शोधात असलेल्या समीक्षकाला एवढं पुरतं. त्यावर तो ज्वालामुखी, बळी आणि जगाचा अंत उभा करू शकतो. प्रत्यक्षात ब्लोदबेर्ग हे थाइमच्या कुळातलं, खडकाळ जमिनीला बिलगून वाढणारं जांभळ्या फुलांचं झुडूप आहे. लोक त्याचा चहा करून पितात. उद्या कोणी आपल्या ‘घाणेरी’ची फोड ‘घाण’पासून करून तिच्यावर अस्पृश्यतेचं रूपक उभारलं तर आपण हसू. इथे मात्र कोणी हसत नाही, कारण हसण्याइतकीही माहिती करून घ्यावी असं कोणाला वाटत नाही. आता झुडूप कळल्यावर गाणं लहान होतं का? माझ्यासाठी ते मोठं झालं. रक्ताच्या नावाचं आणि चहाच्या उपयोगाचं एक झाड त्या ओसाड संगीताच्या मधोमध उगवलेलं दिसलं. बाकीच्या नावांत ‘ग्लोद’ म्हणजे निखारे, ‘स्केल’ म्हणजे शिंपला, ‘इलुर’ म्हणजे ऊब. हातात धरण्याजोग्या, अंगाला जाणवणाऱ्या गोष्टी आहेत या. अपार्थिव काय आहे यात?

यावर ठरलेलं उत्तर येतं: बँडलाच अर्थ नको आहे, कोरी पानं त्यांनीच छापली, मग तुम्ही कोण? हे उत्तर माझ्या बाजूचं आहे. कोरी पानं त्यांनी एका अल्बमला दिली, सगळ्यांना नाही. अर्थहीन अक्षरांना त्यांनी वेगळं नाव दिलं, कारण त्यांच्या कानाला ती त्यांच्या भाषेपासून वेगळी ऐकू येतात. रेक्याविकमधल्या श्रोत्याला गाणं कुठे अर्थ सोडतं आणि कुठे परत धरतं हे कळतं, आणि त्या सोडण्याधरण्यातच गंमत आहे. ज्याला दोन्ही सारखीच, त्याच्यासाठी त्या कोऱ्या पानांनाही अर्थ उरत नाही. छापील पानं वाचता येणाऱ्यालाच कोरं पान कोरं दिसतं.

दुसरा आक्षेप जास्त प्रामाणिक आहे: या गाण्यांचे शब्द भाषांतरात साधे, कधी कधी बाळबोध वाटतात; मग मोहिनी का मोडायची? मोडू द्या. शब्द बाळबोध असतील तर तसं लिहावं. माझा धंदा भाषांतराचा आहे. मूळ जेवढं आहे तेवढंच दुसरीकडे दिसावं, ही या धंद्यातली किमान सचोटी. झाकून ठेवल्यानं थोर वाटणाऱ्या कवितेचा थोरपणा झाकणाचा असतो.

आणि आता खरी गोष्ट. ‘संगीताला भाषा नसते’ हे वाक्य इंग्रजी गाण्यांना कोणी लावत नाही. तिथे ओळ न् ओळ सोलली जाते, स्वल्पविरामांवर वाद होतात. बॉब डिलनला 2016 साली साहित्याचं नोबेल मिळालं. तेव्हा कोणी म्हणालं नाही की शब्दांचं काय घेऊन बसलात, सूर बघा. भाषा नसण्याचा हा सन्मान फक्त इतरांच्या वाट्याला येतो. इंग्रजीत अर्थ असतो आणि बाकीच्यांत आवाज असतो, अशी ही वाटणी आहे. ती लंडन-न्यूयॉर्कनं केली असेल; राबवतो आपणही.

2023च्या मार्चमध्ये ‘नाटु नाटु’ला ऑस्कर मिळालं. त्याच सोहळ्यात सूत्रसंचालकानं तेलुगू चित्रपटाला बॉलीवूडचा म्हटलं आणि आपण सारे चिडलो. चिडायलाच हवं होतं. पण पुण्या-दिल्लीत त्या गाण्यावर नाचलेल्या किती जणांना ‘नाटु’ म्हणजे गावरान, अस्सल मातीतलं हे माहीत होतं? हे गाणं म्हणजे साहेबाच्या नाचाला दिलेलं गावरान उत्तर आहे. तो एक शब्द गेला की उरते कवायत. किती जणांना गीतकार चंद्रबोस हे नाव आठवतं? केरळच्या ‘अवियल’ या रॉक बँडनं 2008च्या अल्बममध्ये नारायण गुरूंच्या ‘कुंडलिनी पाट्टु’तले शब्द गिटारवर गायले. मल्याळम न जाणणाऱ्याला ते नागाचं झपाटून टाकणारं गाणं वाटतं. जातिव्यवस्थेविरुद्ध उभ्या राहिलेल्या एका संन्याशाचं योगकाव्य रॉकच्या मंचावर आलं आहे, ही घटना त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

उलट बाजूनंही पाहा. गदगहून आलेले, कन्नड मातृभाषेचे भीमसेन जोशी एकनाथांचा पंढरपूरला माहेर म्हणणारा अभंग गात, तेव्हा ‘माहेर’ या शब्दावर त्यांचा आवाज जे करी ते अर्थावाचून झालेलं नाही. हा अभंग ऐकून हेलावणाऱ्या बंगाली किंवा पंजाबी श्रोत्याला ‘माहेर’ म्हणजे लग्न झालेल्या मुलीचं आईबापांचं घर, आणि ते एक पुरुष संत आपलं म्हणून मागतो आहे, हे कोणी सांगितलं नाही, तर त्याचं नुकसान झालं आहे. त्याला ते जाणवत नाही, एवढंच.

एकदा एका इंग्रजी नियतकालिकासाठी मी एका अहिराणी गाण्यांच्या संग्रहावर लिहिलं. शब्दांविषयीचा परिच्छेद संपादनात गेला. ‘रांगडी ऊर्जा’ हे शब्द, जे माझे नव्हते, मथळ्यात आले. कारण विचारलं तर उत्तर मिळालं की वाचकाला भाषेचं ओझं नको. ओझं! बहुभाषिक म्हणवणाऱ्या देशात भाषा हे वाचकाच्या डोक्यावरचं ओझं.

एकटीनं रात्री हेडफोन लावून न कळणारं गाणं ऐकणाऱ्या माणसाशी माझं काहीच भांडण नाही. तो आनंद खरा आहे, मीही घेते. पण समीक्षक हा पैसे आणि जागा घेऊन ऐकणारा माणूस आहे. त्यानं तीन गोष्टी कराव्यात: गाणं कोणत्या भाषेत आहे ते लिहावं, शब्द कोणाचे आहेत ते लिहावं, आणि ते काय म्हणतात हे कोणाला तरी विचारून दोन ओळींत सांगावं. आइसलँडिकसाठी शब्दकोश आहेत, अहिराणीसाठी धुळ्यात-जळगावात कोणीही सांगेल. जी नियतकालिकं अनेक लिप्या शेजारी शेजारी छापतात, त्यांनी तर याहून कमी काही स्वीकारू नये, या नियतकालिकानंही नाही. आणि ज्याला हे जमत नसेल, त्यानं निदान ‘अपार्थिव’ हा शब्द वापरू नये. ज्या भाषेत लोक चहाला झुडपाची पानं खुडतात, ती भाषा याच पृथ्वीवरची आहे.