झाकली मूठ कोणाच्या लाभाची?

'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण मराठी माणसाने परमुलखात येताना बरोबर आणली आणि येथे ती मोठ्या निष्ठेने पाळली. आईवडील, चुलते, जुने शेजारी सारे मागे राहतात. बदलीच्या गावी माणसाजवळ उरते ती अब्रू. ती जपावीशी वाटणे स्वाभाविक आहे. परंतु घरातील एखादा माणूस दारूच्या अथवा दुसऱ्या कोणत्या नशेच्या आहारी गेला, म्हणजे हीच म्हण त्या घराचा गळा आवळू लागते, असे आमचे स्पष्ट मत आहे. लपविणे म्हणजेच सांभाळणे, हा जो गोड समज आपल्या नोकरदार वर्गात रूढ झाला आहे, त्याचा समाचार घेणे आता प्राप्त आहे.

मुनिरक्याचेच पाहा. दिल्ली विकास प्राधिकरणाच्या इमारतींत भिंतीला भिंत लागून घरे आहेत. पलीकडे रामकृष्णपुरमच्या सरकारी वसाहती. तरीही शेजारच्या मराठी बिऱ्हाडाला काही कळता कामा नये, असा जणू अलिखित दंडक! नवरा सकाळी उठू शकत नाही, तेव्हा पत्नी कचेरीत तापाचा निरोप देते. मुलाने केलेली उसनवारी बाप निमूटपणे फेडतो. गणेशोत्सवात कोणी चौकशी केलीच, तर 'ते दौऱ्यावर आहेत' हे उत्तर तयार असते. ही माणसे प्रेमापोटी असे वागतात, याविषयी आम्हांला शंका नाही. पण परिणाम काय होतो? व्यसनाची किंमत व्यसनी माणसाखेरीज घरातील सर्वजण मोजतात. मग उपचाराची गरज त्याला वाटावी तरी कशी?

हे झाकणे अशक्य झाले, की दुसरा उपाय निघतो: 'काही दिवस गावी पाठवा, हवापालट झाली म्हणजे सुटेल.' हा सल्ला नुसता निरुपयोगी नाही, तो घातक आहे. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली, तर पहिल्या दोन दिवसांतच त्याला झटके येऊ शकतात. पुढे भ्रम होऊन भास होऊ लागतात, आणि वेळीच औषध न मिळाल्यास प्राणावर बेतते. दिल्लीहून पुण्यास जाणाऱ्या गाडीला अनेकदा एक अहोरात्र लागते. अशा माणसाला शपथ घालून गाडीत बसवून देणाऱ्यांनी आपण काय करीत आहोत याचा विचार केला आहे काय? मुनिरक्याहून अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था व सफदरजंग रुग्णालय फार दूर नाही. आयुर्विज्ञान संस्थेचे व्यसनोपचाराचे राष्ट्रीय केंद्र गाझियाबादला आहे. केंद्र सरकारची १४४४६ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा आहे. तथापि, याच संस्थेने केलेल्या व २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत, दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कोणता ना कोणता उपचार मिळाल्याचे आढळले. यात उपचाराच्या सोयींची उणीव आहेच. पण लाजेचा वाटाही लहान नाही.

आपल्या मनावर या बाबतीत एका नाटकाचे फार ओझे आहे. गडकऱ्यांचे 'एकच प्याला' १९१९ साली रंगभूमीवर आले, आणि तेव्हापासून सिंधू ही आदर्श सहधर्मचारिणी ठरली. ती दळण दळते, उपाशी राहते, आणि मरता मरताही नवऱ्याला वाचविण्यासाठी खोटे बोलते. प्रेक्षक डोळे पुसतात. पण त्या साऱ्या त्यागाने सुधाकर वाचला काय? नाही. मूल गेले, सिंधू गेली आणि सुधाकरही गेला. गडकऱ्यांनी शोकांतिका लिहिली. आपण तिचा आचारधर्म केला! जेथे मारहाण होते, तेथे बायकामुलांनी प्रथम सुरक्षित जागी जावे. सोसणे हा उपचार नव्हे.

मग आधार कशाला म्हणावे? त्याचे उत्तर महाराष्ट्रानेच दिलेले आहे. डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात 'मुक्तांगण' सुरू केले, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांचे साहाय्य त्यामागे होते. येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात सुरू झालेल्या या केंद्राने व्यसन हा आजार मानला, आणि घरच्या माणसांनाही उपचारात ओढून घेतले. तेथे पत्नींसाठी 'सहचरी' हा गट आहे. परदेशातही मद्यपींच्या आप्तांनी १९५१ साली 'अल्-अनॉन' ही आपली स्वतंत्र संघटना बांधली. दोहोंचा इत्यर्थ एकच: त्याची कर्जे फेडू नका, त्याच्यासाठी खोटे बोलू नका, पण दवाखान्यात त्याच्याबरोबर जा, घरी परतल्यावर त्याचे औषध व गटाची बैठक चुकू देऊ नका, आणि पुन्हा घसरला तर तो दगाबाज ठरला असे न मानता पुन्हा डॉक्टरांकडे न्या.

'हे कचेरीत कळले तर नोकरी जाईल,' हा आक्षेप आम्ही अनेकदा ऐकला आहे. नियम ज्यांच्या तोंडपाठ असतात त्यांनी तरी तो घेऊ नये. १९६४ च्या वर्तणूक नियमांतील बाविसावा नियम कामावर नशेत असणे आणि अतिरेकी मद्यपान यांना मनाई करतो; उपचार घेण्याला नव्हे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू व मादक पदार्थांमुळे होणारे मानसिक विकार आजारांत गणले आहेत आणि रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. तेव्हा नोकरीला खरा धोका आहे तो उपचार टाळण्यात.

आता मंडळांविषयी. नाट्यमहोत्सवाला व हळदीकुंकवाला आपल्याजवळ माणसे आहेत, पैसाही आहे. मग महिन्यातून एक सायंकाळ अशा घरांतील माणसांना मराठीतून मन मोकळे करता यावे म्हणून एक खोली का मिळू नये? दवाखान्याच्या रांगेत सोबत बसणारे दोन स्वयंसेवक का मिळू नयेत? परक्या भाषेत दुःख सांगणे किती अवघड असते, हे बदलीच्या माणसाला सांगावयास नको. ज्याच्या घरी हे संकट आले, त्याच्याकडे आपण जाणार की त्याच्या पाठीमागे कुजबुजणार, यावरच त्याने तोंड उघडावे की मूठ झाकावी हे ठरणार आहे. मंडळांच्या कार्यकारिणींनी आपल्या येत्या सभेत हा विषय घ्यावा, अशी आमची मागणी आहे.