कुलूप कोणते, किल्ली कोणती?

शेजारधर्म म्हणजे एके काळी विरजण, वाटीभर साखर आणि सकाळचे वर्तमानपत्र. आता त्यात वायफायच्या पासवर्डची भर पडली आहे. आमच्या वांद्र्याच्या इमारतीत यंदा या पासवर्डापायीच दोन घरांतले बोलणे बंद झाले. एका घरातल्या मुलाचा लिनक्सवर चालणारा संगणक रोज पासवर्ड मागे आणि दिला की ‘चूक’ म्हणे. घरच्यांनी अर्थ एकच काढला: समोरच्यांनी तो गुपचूप बदलला! वीस वर्षांचा घरोबा. पण गणपतीचा प्रसादही या दारातून त्या दारात गेला नाही.

वास्तविक समोरच्यांनी काहीच बदलले नव्हते. लिनक्समध्ये बहुधा कुलुपे तीन असतात. एक संगणकाचे, दुसरे वायफायचे आणि तिसरे चाव्यांच्या जुडग्याचे. त्याला ‘कीरिंग’ म्हणतात. वायफायचा पासवर्ड पुष्कळदा या जुडग्यात अडकवलेला असतो. संगणक उघडताना दिलेल्या शब्दानेच जुडगाही उघडतो, म्हणून तो कुणाच्या ध्यानात येत नाही. मात्र तो शब्द दुरुस्ती करणाऱ्याने परस्पर बदलला, तर जुडगा जुनाच शब्द मागत राहतो. मुलगा त्या चौकटीत वायफायचा पासवर्ड घालीत होता! संगणकाचा जुना शब्द घातला मात्र, जुडगा उघडला.

दुसरी अडचण खास आपली. कळफलक देवनागरीवर राहिला, की इन्स्क्रिप्टमध्ये इंग्रजी ‘ए’ची कळ ओकाराची मात्रा उमटवते. ठिपक्यांआड ते दिसणार कसे? वायफायच्या पासवर्डात तर 8 ते 63 इंग्रजी अक्षरे, अंक व चिन्हेच चालतात.

तेव्हा वाचकहो, आधी चौकटीवरचे शीर्षक वाचावे: मागणारा वायफाय की कीरिंग? मग डोळ्याचे चिन्ह दाबून लिहिलेले पाहावे. लहान-मोठी लिपी तपासावी. तरीही अडले, तर ते नेटवर्क संगणकाला ‘विसरायला’ सांगून पुन्हा जोडावे. जुडग्याचा जुना शब्द आठवतच नसेल, तर तो पुसून नवा करता येतो. पण त्यातल्या बाकीच्या चाव्याही जातात, हे ध्यानात ठेवावे.

यंत्र नुसते ‘चूक’ म्हणते. कोणाची, ते सांगत नाही. समोरच्या दाराकडे बोट दाखवण्यापूर्वी एवढी चौकशी करायला पाच मिनिटे पुरतात.