संसारोपयोगी : डोंगरी सायकलीची पारख

घरात वस्तू दोन वाटांनी येतात. काही गरजेपोटी, तर काही हौसेपोटी. परंतु हौसेची वस्तू गरजेचे नाव धारण करून दाराशी उभी राहिली, म्हणजे घरातील वडीलधाऱ्यांची खरी कसोटी लागते. कॉलेजात जाणाऱ्या मुलाने अगर मुलीने डोंगरी सायकल मागितली, की असाच प्रसंग उभा राहतो. मध्यम प्रतीच्या अशा सायकलीस आज साधारणतः तीस ते साठ हजार रुपये पडतात. एवढी रक्कम खर्च करण्यापूर्वी तिची पारख कशी करावी, ते आज पाहू. ही पारख दुकानातील झगझगीत दिव्यांखाली न करता एका खऱ्या वस्तीच्या रस्त्यावर करावी, हे बरे. ती वस्ती म्हणजे कोलकात्याचे खिदिरपूर.

खिदिरपुरात डोंगर औषधालाही सापडावयाचा नाही. हुगळीकाठचे हे सारे शहरच समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर उंचीवर वसलेले आहे. पण येथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेली गोदी आहे; जहाज आत घेण्यासाठी मधोमध उचलला जाणारा पूल आहे; आणि गोदीकडे जाणाऱ्या अवजड मालमोटारींनी खचलेले रस्ते आहेत. पावसाळ्यात पाणी तुंबले, की खड्डा कोठे आणि रस्ता कोठे हे कळत नाही. एस्प्लनेडहून येणारी ट्राम २०२० सालच्या अंफान वादळानंतर बंद पडली. तरी जेथे रूळ शिल्लक असतील, तेथे त्यांची खाच अरुंद टायरास अद्यापही घातक ठरते. तेव्हा डोंगर नसला तरी डोंगरी सायकलीस तेथे काही काम आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

या सायकलीचा जन्म अमेरिकेतील. कॅलिफोर्नियातील मॅरिन परगण्यात काही तरुण जुन्या जाड टायरांच्या सायकली घेऊन डोंगरउतारावरून भरधाव खाली येत. त्यांच्यापैकी जो ब्रीझ याने १९७७ साली अशा वापरासाठी खास सांगाडा घडविला. पुढे १९९६ साली अटलांटा येथील ऑलिंपिकमध्ये या खेळास स्थान मिळाले. आज बाजारात तिचे दोन मुख्य प्रकार दिसतात. पुढील व मागील अशा दोन्ही चाकांस धक्के झेलणारी योजना असते तो एक. आणि केवळ पुढील चिमट्यात तशी योजना असून मागचा भाग ताठ असतो तो दुसरा. या दुसऱ्या प्रकारास 'हार्डटेल' म्हणतात. त्यात हलणारे सांधे कमी असल्यामुळे वजन, किंमत आणि दुरुस्ती तिन्ही आटोक्यात राहतात. मध्यम ऐपतीच्या कुटुंबाने विचार करावयाचा तो याच प्रकाराचा.

आता एकेक अवयव पाहू. सर्वांत आधी मापाकडे लक्ष द्यावे. सायकलीच्या दोन्ही बाजूंस पाय टेकून उभे राहिले असता वरची नळी आणि शरीर यांत किमान पाच सेंटिमीटर अंतर हवे. सीटवर बसून पायडल अगदी खाली नेले असता गुडघा किंचित वाकलेला राहावा. मुलगा अजून वाढेल म्हणून मोठे माप घेण्याची आपल्याकडे चाल आहे. शर्टाच्या बाबतीत ती चालेल, सायकलीच्या बाबतीत चालणार नाही. पाय न पोहोचणारी सायकल संकटसमयी आवरत नाही.

यानंतर चिमटा पाहावा. मध्यम प्रतीच्या सायकलीत तो सुमारे शंभर ते एकशेवीस मिलिमीटर दबतो. स्वस्त चिमट्यात पोलादी स्प्रिंग असते. ती जड असून सर्वांना एकाच मापाने तोलू पाहते. बऱ्या प्रतीच्या चिमट्यात हवा भरलेली असते व बसणाराच्या वजनाप्रमाणे ती कमीजास्त करता येते. बसल्याबरोबर चिमटा त्याच्या एकूण दाबाच्या पाचव्या हिश्शाइतका खाली गेला आणि हात काढताच थडथड न करता सावकाश वर आला, तर तो ठीक समजावा. सपाट रस्त्यावर तो ताठ ठेवण्याची खुंटी असल्यास पायांचे श्रम वाचतात.

गिअरांच्या संख्येस भुलून जाऊ नये. पुढे तीन व मागे आठ चकत्या असल्या, की विक्रेता चोवीस गिअर सांगतो; परंतु त्यांतील पुष्कळसे एकमेकांची पुनरावृत्ती करणारे असतात. पुढे बत्तीस दात्यांची एकच चकती व मागे अकरापासून शेहेचाळीस दात्यांपर्यंत दहा चकत्या असल्या, तर एकोणतीस इंची चाकावर पायडलाच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे १.६ मीटरपासून ६.७ मीटरपर्यंत पुढे जाते. चढ आणि सपाटी या दोहोंस इतके अंतर पुरेसे होते. मात्र मागचे तुंबे जरूर तपासावे. चकत्यांसाठी जुन्या धर्तीचे फ्रीव्हील असल्यास छर्रे ॲक्सलच्या टोकापासून आत राहतात आणि खड्ड्यांच्या माराने ॲक्सल वाकण्याचा संभव वाढतो.

ब्रेकच्या बाबतीत काटकसर करू नये. तेलाच्या दाबाने चालणारा डिस्क ब्रेक एका बोटाने लागतो व ओल्या दिवसांतही भरवशाचा असतो. तारेचा डिस्क ब्रेक त्याहून जोर मागतो, पण गल्लीतील कारागीर तो सहज नीट करतो. जवळपास तेलाचा ब्रेक दुरुस्त करणारा कोणी नसेल, तर तारेचा पत्करणे शहाणपणाचे ठरेल.

आता उणी बाजू. या सायकलीस मडगार्ड, कॅरिअर, स्टँड, दिवा यांपैकी बहुधा काहीच नसते. ती खरेदी निराळी. तिच्यासाठी आणि शिरस्त्राण व भक्कम कुलूप यांच्यासाठी रकमेचा काही भाग आधीच बाजूस काढावा. खाचाखाचांचे टायर डांबरी रस्त्यावर जड चालतात. रोजचा प्रवास शहरातच असेल, तर रुंद परंतु गुळगुळीत टायर बसवून घ्यावे. तुंबलेल्या पाण्यातून आल्यावर चिमट्याच्या चकचकीत नळ्या व साखळी पुसून काढावी आणि साखळीस तेल द्यावे. तुंब्यांवर पाण्याचा जोरदार फवारा मारू नये. छऱ्यांतील वंगण त्याने वाहून जाते.

सायकल घेण्याआधी वाटेची चौकशीही करावी. कोलकात्याच्या पोलिसांनी २००८ पासून काही प्रमुख रस्त्यांवर सायकलींस मनाई केली. २०१३ साली ही यादी १७४ रस्त्यांपर्यंत गेली आणि लोकांनी विरोध केल्यावर ती आखूड करण्यात आली. आपल्या रोजच्या वाटेवर काय नियम आहे, हे ठाण्यावर विचारून घ्यावे; नाही तर मोलाची वस्तू जिन्याखाली धूळ खात पडेल. आणि एक गोष्ट घरातील तरुणांना पुन्हा पुन्हा सांगावी. डावीकडे वळणाऱ्या मालमोटारीच्या डाव्या अंगाने कदापि पुढे घुसू नये. तेथे चालकास सायकलस्वार दिसत नाही. उत्तमातील उत्तम ब्रेकही त्या जागी उपयोगी पडत नाही.

मग निर्णय कोणता करावा? केवळ बाजारहाट आणि शिकवणी एवढेच काम असेल, तर साधी सायकल चौथाई खर्चात ते करील व दूध-भाजीही वाहील. बिमल मुखर्जी १९२६ साली याच कोलकात्याहून सायकलीने जगाच्या प्रवासास निघाले, तेव्हा धक्के झेलणारा चिमटा त्यांच्यापाशी नव्हता. परंतु रोजचा खडतर रस्ता आणि सुटीत पुरुलियाचे अयोध्या डोंगर असा दुहेरी बेत खरोखरच असेल, घरातील दोघे-तिघे ती आलटून पालटून वापरणार असतील, आणि फी वा औषधपाणी यांच्या पैशास हात लागणार नसेल, तर चांगला चिमटा, मजबूत तुंबे आणि भरवशाचे ब्रेक असलेली हार्डटेल अवश्य घ्यावी. रंग, पट्टे व गिअरांचा आकडा यांचा विचार सर्वांत शेवटी करावा. तत्पूर्वी मागणाऱ्यास महिनाभर उसनी अगर भाड्याची सायकल चालवावयास द्यावी. महिन्याच्या अखेरीस उत्साह टिकला, तर ती मागणी गरजेची होती असे खुशाल समजावे.