पहिली तपासणी समोरासमोर, पुढचा सल्ला पडद्यावर

सततचा थकवा, वाढते वजन, गळणारे केस, पुढे-मागे होणारी पाळी. यातील एकही तक्रार अशी नसते की त्यासाठी रजा टाकून दवाखाना गाठावा. पण यातील एकही महिनोन्‌महिने पाठ सोडत नाही. मग कुणी तरी घरी येऊन रक्त घेऊन जाते, अहवाल फोनवर येतो आणि त्यातला ठळक अक्षरांतला एखादा आकडा घेऊन व्हिडिओवर डॉक्टर गाठला जातो. दहा मिनिटांत औषधाची चिठ्ठी मिळते. संप्रेरकांचे विकार, मधुमेह, रक्तदाब अशा दीर्घकाळच्या आजारांत ही वाट आता रुळली आहे.

या वाटेला नावे ठेवणे सोपे आहे, पण ते बरोबर नाही. अंतःस्रावी ग्रंथींचे तज्ज्ञ मोठ्या शहरांत एकवटले आहेत. नंदुरबार किंवा गडचिरोलीच्या रुग्णाला त्यांच्यापर्यंत पोहोचायचे तर प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी, असा दुहेरी भुर्दंड बसतो. हनुवटीवरचे केस, अनियमित पाळी किंवा लैंगिक तक्रारी गावातल्या ओळखीच्या डॉक्टरकडे सांगायची भीडही असते. तेव्हा ऑनलाइन सल्ला घ्यावा की नाही, हा प्रश्न आता उरलेला नाही. आजाराच्या कोणत्या टप्प्यावर घ्यावा, हा खरा प्रश्न आहे.

कोविडपूर्वी याबाबतचे नियम संदिग्ध होते. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आलेल्या रत्नागिरीच्या एका प्रकरणानंतर तर फोनवरून औषध सांगायची डॉक्टरांनी धास्तीच घेतली होती. २५ मार्च २०२० रोजी केंद्राने दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांनी पहिला सल्ला आणि पाठपुरावा यांत स्पष्ट फरक केला. त्याच आजारासाठी प्रत्यक्ष तपासणी होऊन सहा महिने उलटले नसतील, तरच तो पाठपुरावा. एरवी तो पहिलाच सल्ला. औषधांच्याही याद्या ठरल्या. पहिल्याच भेटीत, तीही व्हिडिओवर असेल तर, तुलनेने सुरक्षित औषधेच देता येतात. चालू उपचारात नव्या औषधाची भर पाठपुराव्यातच घालता येते. मेटफॉर्मिन घेणाऱ्या मधुमेहीला जोडीला सिटाग्लिप्टिन देणे, हे त्याचे तिथेच दिलेले उदाहरण. व्यसन लावणारी व मनावर परिणाम करणारी काही औषधे पूर्ण वर्ज्य आहेत. आणि रुग्णाला समोर बोलावणे गरजेचे आहे की नाही, हा निर्णय डॉक्टरचा आहे.

हा फरक केवळ कागदी नाही, हे थायरॉइडच्या उदाहरणावरून कळते. टीएसएचचा आकडा थोडा वाढलेला आहे, म्हणून जन्मभराची गोळी लागतेच असे नाही. आजारातून उठल्यावरही तो काही काळ वाढतो, उतारवयात थोडा वाढलेला असू शकतो आणि गरोदरपणात त्याचे निकषच बदलतात. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या सुरू असतील, तर काही प्रयोगशाळांतील अहवाल चुकीचाही येतो. गळ्याला गाठ आहे का, नाडीची गती किती, पायांवर सूज आहे का, हे हात लावल्याशिवाय नीट कळत नाही. गरज नसताना घेतलेल्या किंवा जास्त झालेल्या गोळीने छातीत धडधड सुरू होते, हृदयाची लय बिघडू शकते आणि पाळी गेलेल्या स्त्रियांची हाडे ठिसूळ होतात.

पीसीओएसचेही तसेच. पाळी सुरू झाल्यावर पहिली काही वर्षे ती अनियमित असणे बहुतेकदा स्वाभाविक असते. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे पहिल्या आठ वर्षांत सोनोग्राफीवरून हे निदान करू नये असे सांगतात. तरीही पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीच्या अहवालात ‘अंडाशयात अनेक गाठी’ असे लिहून येते आणि घरात लग्नाची, मूल होण्याची चिंता सुरू होते. मोठ्या स्त्रीची पाळी चुकली असेल तर आधी गर्भधारणा, थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन तपासावे लागते. पाळी नियमित करणाऱ्या संप्रेरकांच्या गोळ्या उच्च रक्तदाब, डोळ्यांपुढे चमकणारी अर्धशिशी किंवा पूर्वी रक्ताची गुठळी झालेली असेल, तर धोक्याच्या ठरू शकतात. म्हणजे रक्तदाब न मोजता अशी चिठ्ठी लिहिणे हा जुगारच. मानेवरची काळपट, जाडसर त्वचा कॅमेऱ्यावर दिसते. रक्तदाब दिसत नाही.

एकदा नीट निदान झाले, की मात्र हाच पडदा फार उपयोगी पडतो. थायरॉइडच्या गोळीचा डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी रक्त तपासून पुढचा डोस ठरवायला प्रवासाची गरज नाही. गोळी उपाशीपोटी घेतली जाते का, कॅल्शियम आणि लोहाच्या गोळीत चार तासांचे अंतर आहे का, हे फोनवर विचारता येते. मधुमेहीच्या घरच्या साखरेच्या नोंदी आणि एचबीएवनसी यांवर औषधे जुळवता येतात. रक्तक्षय असेल तर एचबीएवनसीचा आकडा फसवतो, हे तेवढे लक्षात ठेवावे लागते. पण पायांची संवेदना, डोळ्यांचा पडदा आणि लघवीतील प्रथिने वर्षातून एकदा तरी तपासायलाच हवीत. साखर ‘चांगली’ असलेल्या रुग्णाच्या पायाची जखम अशाच वर्षांनुवर्षांच्या फोन-सल्ल्यात निसटते.

समोरच्या तपासणीसाठी शहरच गाठायला हवे असे नाही. सरकारच्या ‘ई-संजीवनी’ सेवेत रुग्ण घरून थेट डॉक्टरांशी बोलू शकतो, तसेच गावातील आयुष्मान आरोग्य मंदिरात, म्हणजे पूर्वीच्या आरोग्यवर्धिनी केंद्रात बसूनही सल्ला घेऊ शकतो. तिथे समुदाय आरोग्य अधिकारी वजन, रक्तदाब, साखर मोजून पलीकडच्या डॉक्टरांना सांगतात. हात इथला आणि अनुभव तिथला, अशी ही विभागणी आहे. तिचा खरा लाभ व्हायचा असेल, तर दर वेळी नव्या डॉक्टरपुढे पहिल्यापासून कहाणी सांगायची वेळ रुग्णावर येता कामा नये. तीस वर्षे सोबत राहणाऱ्या आजारात मागच्या नोंदी हेच निम्मे निदान असते.

रुग्णाने काही गोष्टी पाळाव्यात. चिठ्ठीवर डॉक्टरचे नाव आणि नोंदणी क्रमांक असणे बंधनकारक आहे; नसेल तर ते औषध घेऊ नये. नियमांनुसार संगणकीय प्रणालीला स्वतःहून औषध लिहिण्याची मुभा नाही. आधीची औषधे, काढे, वजनाच्या पावडरी आणि गर्भधारणेची शक्यता लपवू नये. बरेच दिवस चाललेली स्टेरॉइडची गोळी परस्पर बंद करू नये. छातीत दुखणे, धाप, अचानक दिसेनासे होणे, अतिरक्तस्राव, तीनशेवर साखर आणि सोबत उलट्या असतील, तर फोन सल्ल्यासाठी नव्हे, १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेसाठी उचलावा.

आणि कुणी ‘हे औषध आता कायमचे’ असे सांगितले, तर पहिली गोळी घेण्याआधी एकदा कुणा डॉक्टरकडून नाडी, रक्तदाब आणि गळा तपासून घ्यावा. त्या एका फेरीचा खर्च जन्मभराच्या चुकीच्या गोळीपेक्षा नक्कीच कमी असतो.