खातं आहे, पत नाही

पावसाळा आला की लोणावळ्यात भुशी धरणाच्या रस्त्यावर कणसं, भजी, चहाच्या गाड्या लागतात. वर्षाची बरीचशी कमाई या तीन-चार महिन्यांत. पण भांडवल लागतं मे महिन्यात, आणि नेमका तेव्हाच खिसा रिकामा.

मग खासगी सावकार. महिना शेकडा दहा. हिशेब करा मंडळी. 20 हजारांवर चार महिन्यांचं व्याज 8 हजार. बँकेने वर्षाला 12 टक्क्यांनी दिले तर फक्त 800. मधले 7,200 रुपये म्हणजे दुसरी शेगडी, हाताखाली एक पोरगा, मुलीची फी. देशाचा विकास म्हणतात तो अशाच पैशातून उभा राहतो.

2014 ला जनधन आली. आज 50 कोटींच्या वर खाती आहेत. चांगलंच झालं, अनुदान थेट मिळतं. पण खातं म्हणजे पैसे ठेवायची जागा. पत वेगळी.

कागदावर तीही आहे. 2015 पासून मुद्रा योजनेत 50 हजारांपर्यंतचं 'शिशु' कर्ज तारणाशिवाय. 2020 पासून शहरी फेरीवाल्यांसाठी स्वनिधी. तरी गाडीवाल्याची गाडी अडते ती उत्पन्नाच्या पुराव्यावर. अहो, आता कणसाच्या गाडीवरही क्यूआर कोड आहे! रोजची कमाई खात्यातच जमा होते. पुरावा बँकेच्याच वहीत आहे, तो उघडून कोण बघतो?

'कर्ज बुडेल' ही भीती खोटी नाही. 1977 ते 1990 रिझर्व्ह बँकेचा नियम होता: बँक असलेल्या गावात एक नवी शाखा हवी, तर बँक नसलेल्या चार गावांत आधी उघडा. तेव्हा कर्जं थकली, खरंय. पण रॉबिन बर्जेस आणि रोहिणी पांडे या अर्थतज्ज्ञांनी अभ्यास केला, तर त्या शाखांमुळे ग्रामीण गरिबी घटल्याचं दिसलं. म्हणजे चूक कर्ज देण्यात नव्हती, माणूस न पारखता देण्यात होती. आज पारखायला स्टेटमेंट आहे.

म्हणून मागणी साधी आहे. नगरपरिषद आणि बँकांनी एप्रिलमध्येच एकत्र शिबिर घ्यावं. गेल्या पावसाळ्याचं खात्याचं स्टेटमेंट हाच उत्पन्नाचा पुरावा धरावा. हप्ते जून ते सप्टेंबर, धंदा चालू असताना घ्यावेत.

ऑगस्टमध्ये मंजूर झालेलं कर्ज गाडीवाल्याच्या काय कामाचं? तोवर सावकाराचे दोन हप्ते गेलेले असतात.

पटलं तर आपल्या नगरसेवकापर्यंत पोचवा. नाही पटलं तर खाली लिहा, बोलू.