फवारणी उक्ती, पण जबाबदारी कोणाची?

कपाशीवरील फवारणीचे काम पुष्कळ गावी पंपामागे दर ठरवून उक्ते देण्यात येते. ठेकेदार मजूर आणतो, शेतमालक औषध देतो. मजुराच्या जिवाची काळजी मात्र अनेकदा कोणाच्याच वाट्यास येत नाही. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, हे विसरता कामा नये.

काम उक्ते दिले म्हणजे जबाबदारीही गेली, हा समज चुकीचा होय. कोणते औषध व केव्हा मारावयाचे हे शेतमालकच ठरवितो. शिवाय पंपामागे दर ठरला की मजूर घाई करतो. वाऱ्याची दिशा पाहत नाही, दुपारच्या उन्हातही थांबत नाही. म्हणून दराबरोबरच अटीही ठरवाव्यात. हातमोजे, मुखपट्टी व चष्मा कोणी पुरवावयाचा. वारा सुटल्यास काम थांबवावे व त्यापायी मजुरी कापू नये. गळका पंप वापरू नये. बांधावर साबण-पाणी असावे. रिकामे डबे तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओतावे आणि डबे भोके पाडून निकामी करावेत. विहिरीत वा ओढ्यात टाकू नयेत. मजुरास मळमळ अथवा चक्कर येताच त्यास औषधाच्या माहितीपत्रकासह दवाखान्यात न्यावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वीच शेतमालक, ठेकेदार व मजूर यांना एकत्र बसवून या अटी सर्वांदेखत ठरवून घ्याव्यात. फवारणाऱ्या माणसाचे रक्षण हा पीकसंरक्षणाचाच भाग होय.