‘ऑनेस्ट’ कीं ‘फ्रँक’?

इंग्रजी निबंधांच्या वह्या चाळीत असतां एक गोष्ट वारंवार आमच्या दृष्टीस पडते. विद्यार्थ्यास आपलें मत मोकळेपणानें मांडावयाचें असलें, म्हणजे ‘टु बी ऑनेस्ट’ व ‘टु बी फ्रँक’ यांपैकीं जो शब्दप्रयोग प्रथम आठवेल तो लिहून तो मोकळा होतो. दोहोंचा अर्थ एकच, अशी त्याची समजूत असते. ही समजूत अर्धी खरी आहे. कारण खुद्द इंग्रज लोकही पुष्कळदां एकाच्या जागीं दुसरा वापरतात. परंतु उरलेल्या अर्ध्या भागाविषयीं चार शब्द लिहिणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

‘फ्रँक’ हा शब्द प्राचीन फ्रँक लोकांच्या नांवावरून आला. गॉल देश जिंकल्यावर तेथें पूर्ण स्वतंत्र असे तेच गणले गेले, म्हणून त्यांचें नांवच ‘स्वतंत्र’ या अर्थीं रूढ झालें. ‘ऑनेस्ट’ हा शब्द लॅटिन भाषेंतील मान या अर्थाच्या शब्दापासून निघाला. तेव्हां एकांत बोलणाराच्या निर्भीडपणाची खूण आहे, तर दुसऱ्यांत त्याच्या सचोटीची. यावरून एक सोपा नियम बांधतां येतो. जें सांगितल्यानें आपणांसच कमीपणा येईल, तेथें ‘ऑनेस्ट’. जें ऐकणारास कडू लागेल, तेथें ‘फ्रँक’. ‘खरें सांगावयाचें तर मीं तें पुस्तक वाचलेंच नाहीं,’ येथें पहिला शोभतो. ‘स्पष्टच सांगतों, तुझा निबंध मला रुचला नाहीं,’ येथें दुसरा. हा भेद मराठीसही नवा नाहीं. प्रांजळ मनुष्य स्वतःची चूक कबूल करतो. परखड मनुष्य दुसऱ्याची दाखवितो.

या दोन गुणांची एकाच प्रसंगीं कसोटी लागल्याचें उदाहरण आपल्या इतिहासांत आहे. ‘केसरी’चे संपादक आगरकर व ‘मराठा’ या इंग्रजी पत्राचे संपादक टिळक यांनीं कोल्हापूरचे कारभारी बर्वे यांच्यावर निर्भीडपणें टीका केली. पुढें खटला झाला, आणि ज्या पत्रांवर त्यांनीं विश्वास ठेविला होता तीं बनावट असल्याचें उघडकीस आलें. तेव्हां दोघांनींही माफी मागितली. तरीही १८८२ सालीं त्यांस शिक्षा झाली व १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगांत काढावे लागले. टीका लिहिली तो त्यांचा परखडपणा; चूक कळतांच माफी मागितली तो त्यांचा प्रांजळपणा. या दोहोंत दुसरा गुण अधिक दुर्मिळ, असें आमचें मत आहे.

आमच्या नंदुरबार जिल्ह्यांतील कित्येक मुलांच्या घरीं अहिराणी, भिलोरी, पावरी किंवा गुजर बोली बोलली जाते. शाळेंत मराठीशीं गांठ पडते, आणि त्यावर इंग्रजी. अशा मुलाच्या हातीं परक्या भाषेंतील शब्द येतो, पण त्याची धार येत नाहीं. वडील माणसांपुढें ‘फ्रँकली’ म्हणून वाक्य सुरू केलें, तर मनांत नसतांही उद्धटपणा दिसतो. तसेंच, प्रत्येक वाक्यास ‘ऑनेस्टली’ची पुष्टी जोडणाराविषयीं ऐकणारास शंका येते, कीं बाकीचीं वाक्यें कशीं होतीं? मीठ चवीपुरतेंच बरें.

शेवटीं पालकांसही एक विनंती आहे. ‘खरें सांगतों, मला गणित समजत नाहीं,’ असें मूल घरीं म्हणालें, तर त्यास प्रथम ऐकून घ्यावें, मग काय तें बोलावें. खरें बोलल्याबद्दल जेथें मार मिळतो, तेथें मूल लवकरच गोड खोटें बोलावयास शिकतें; मग इंग्रजींतील कोणताही शब्द त्यास प्रांजळ करूं शकत नाहीं. योग्य शब्द निवडण्यास आम्ही शिक्षक शिकवूं. तो निर्भयपणें उच्चारतां येईल असें घर मात्र पालकांनींच द्यावें.